बिजागरीची पारख

सुरत हे पारख करणाऱ्यांचे शहर आहे. राईएवढ्या हिऱ्यातील डाग येथील कारागीर भिंगातून पाहताक्षणी ओळखतो. साडीचा पदर दोन बोटांत चुरून त्यात रेशीम किती आणि कृत्रिम धागा किती, हे येथील व्यापारी सांगू शकतो. परंतु याच शहरात एखादे कुटुंब नव्या घरात राहावयास जाते, वर्षानुवर्षे साठविलेल्या पैशांतून स्वयंपाकघरात कपाटे करवून घेते, तेव्हा त्या कपाटांच्या बिजागऱ्या, मुठी, कड्या आणि खणांचे चॅनल यांची पारख मात्र सहसा कोणी करीत नाही. लाकूड कोणते, रंग कोणता, याविषयी घरात आठ दिवस चर्चा चालते. बिजागरीविषयी विचारले, तर "मिस्त्री लावील ती खरी," एवढे म्हणून सर्वजण मोकळे होतात.

आम्हीही असेच मोकळे झालो होतो. दुसरा पावसाळा सरता सरता मोरीजवळच्या कपाटाची खालची बिजागरी गंजून तुटली, आणि दार एका बिजागरीवर लोंबकळू लागले. त्यानंतर महिनाभरातच ताटांचा खण चॅनलवरून निसटून आमच्या मातोश्रींच्या पायावर आला. जखम मोठी नव्हती. पण त्या दिवसापासून तो खण उघडताना त्या एक पाय मागे घेतात, आणि ते पाहताना आम्हांस आपल्या निष्काळजीपणाची आठवण होते. दोष विकणाऱ्याचा किती आणि बसविणाऱ्याचा किती, हा वाद आम्ही घातला नाही. न पाहता घेणाऱ्याचाही दोष असतो, हे आम्हांस कळले. त्यानंतर दुकाने हिंडून, सुतारांशी बोलून आणि थोडे पदार्थविज्ञान उलगडून जे शिकलो, ते आमच्या बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपल्या जुन्या स्वयंपाकघरात हलणारे भाग फारच थोडे होते. खानदेशातील घर डोळ्यांसमोर आणावे. भिंतीत कोनाडा, एखादे फडताळ, फळीवर ओळीने मांडलेले डबे, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला टांगलेले शिंके. यांत मोडण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. फडताळाला दार असले तर त्याला लोहाराने घडविलेली जाड बिजागरी आणि कडी-कोयंडा असे. तो आजोबांनी लावला आणि नातवाने वापरला. चूल जमिनीवरून ओट्यावर आली, तेव्हा ओट्याखाली जागा निर्माण झाली. आणि त्या जागेत प्रथम कपाटे, मग ज्यांना आपण घरोघरी 'ट्रॉल्या' म्हणतो ते सरकते खण आले.

अशा बांधीव स्वयंपाकघराची कल्पना जगात प्रथम गाजली ती जर्मनीत. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली फ्रांकफुर्ट शहरातील कामगारवस्त्यांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. बाईला किती पावले टाकावी लागतात, हात कोठवर पोहोचतो, याचा हिशेब करून प्रत्येक खणाची आणि फळीची जागा तिने ठरविली होती. त्या धर्तीची सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. हे श्रीमंतांसाठी केलेले काम नव्हते, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तेव्हा लिंबायत, उधना, दिंडोली यांसारख्या भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी सोयीच्या स्वयंपाकघराची इच्छा धरली, तर ती चैन ठरत नाही. प्रश्न एवढाच की थोडके पैसे कोठे घालावे आणि कोठे राखावे.

आता बाजाराच्या भाषेविषयी दोन शब्द. आपण बिजागरी म्हणतो, तिला गुजराती दुकानदार 'मिजागरुं' म्हणतो. आपला खण तो त्याचे 'खानुं'. आपला सुतार तो 'सुथार'. शब्द बहिणी-बहिणी आहेत, त्यामुळे अडत नाही. मापांचे मात्र जपावे लागते. भारताने दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली केला. तरीही आपला सुतार अजून इंच आणि सूत बोलतो. एका इंचाची आठ सूत होतात. म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित अधिक. उलट, बिजागऱ्या व मुठी यांची मापे मिलिमीटरमध्ये छापलेली असतात, आणि चॅनल पुन्हा इंचांत विकले जातात. घरून निघताना दोन्ही मापे कागदावर लिहून न्यावी; म्हणजे परत करावयास जाण्याची हेलपाट वाचते.

यापुढे मुख्य विषय म्हणजे धातू. सुरत समुद्रापासून दूर नाही; डुमसचा खारा वारा शहरात पोहोचतो. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही मिळाली की ते गंजते, आणि मिठाचा अंश असला तर ती क्रिया फार जलद होते. स्वयंपाकघरात वाफ आहे, मीठ आहे, चिंच-ताकाचे आंबट हात आहेत. तेव्हा नाशिकच्या वा धुळ्याच्या कोरड्या हवेत जी बिजागरी दहा वर्षे टिकेल, ती येथे तितकी टिकेलच असे समजू नये.

बाजारात मिळणाऱ्या वस्तू बहुधा पाच प्रकारच्या असतात. पहिली, लोखंडी पत्र्यावर निकेल वा जस्ताचा मुलामा दिलेली. ही सर्वांत स्वस्त. मुलामा शाबूत आहे तोवर ती चकाकते. ओरखडा पडला की तेथून गंज शिरतो. दुसरी, स्टेनलेस पोलादाची. इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली पोलादात क्रोमियम मिसळून हा न गंजणारा प्रकार तयार केला. त्यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठावर एक अतिसूक्ष्म कवच धरते, आणि ओरखडा पडला तरी ते कवच आपोआप पुन्हा धरले जाते. मुलामा आणि स्टेनलेस यांतील खरा भेद हाच. तिसरा प्रकार पितळेचा. तांबे व जस्त यांचा हा मिश्रधातू काळवंडतो, परंतु लोखंडासारखा पोखरला जात नाही. आपल्याच गुजरातेतील जामनगर हे पितळी वस्तूंच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. चौथा, ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा. यात थोडे ॲल्युमिनियम असते. नक्षीदार चकचकीत मुठी बहुधा याच्याच असतात. पाचवा ॲल्युमिनियमचा, हलका, न गंजणारा, पण मऊ.

यांची ओळख पटवावी कशी? खिशात एक लहान लोहचुंबक आणि हातात वजनाचा अंदाज, एवढी साधने पुरतात. पिवळ्याधमक मुठीला चुंबक चिकटला, तर ते पितळ नसून लोखंडावरील पिवळा मुलामा होय. चुंबक चिकटत नसेल, तर मूठ तळहातावर तोलावी. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असते, जस्ताचा मिश्रधातू सुमारे ६.७ पट आणि पितळ सुमारे ८.५ पट. एकाच आकाराच्या दोन मुठींतील हा फरक हाताला सहज कळतो.

मात्र येथे एका समजुतीविषयी सावध करणे अवश्य आहे. "चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल ३०४ नंबरचा," असे बाजारात सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. ३०४ नंबरच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०२ नंबरच्या पोलादात महागडे निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते. चुंबक दोहोंनाही सहसा चिकटत नाही. परंतु खाऱ्या व ओल्या जागी २०२ हे ३०४ च्या मानाने लवकर डागाळते. चुंबकाने फक्त लोखंड वगळता येते; ३०४ सिद्ध करता येत नाही. म्हणून जेथे ३०४ चे दाम मोजावयाचे, तेथे बिलावर '३०४' हा आकडा लिहून मागावा. जो विक्रेता तोंडाने सांगतो तेच कागदावर लिहून देतो, त्याच्याकडून घ्यावे.

पुस्तकातील विज्ञान डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर विद्यार्थी मित्रांनी एक सोपा प्रयोग करावा. आम्ही तो घरी केला. साधा लोखंडी, काळा, जस्ताच्या मुलाम्याचा, पितळी आणि स्टेनलेस, असे पाच स्क्रू मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्यावर बशीत ठेवले आणि फडके ओले राखले. लोखंडी व काळ्या स्क्रूवर तांबडे डाग थोड्याच दिवसांत उमटले. जस्ताच्या मुलाम्यावर आधी पांढरी भुकटी धरली. जस्त स्वतः झिजून आतील लोखंडाला राखते, त्याची ती खूण. पितळ निस्तेज झाले. स्टेनलेस जवळजवळ होता तसाच राहिला. हे पाचही स्क्रू मिळून दहा-वीस रुपयांचे. पण त्यांनी शिकविलेला धडा त्याहून पुष्कळ मोलाचा होता.

आता बिजागरीच्या रचनेकडे वळू. जुनी साधी बिजागरी म्हणजे दोन पाती आणि मधून एक कांब. ती मजबूत असते, स्वस्त असते आणि १२ मिलिमीटर जाडीच्या पातळ दारालाही चालते. हल्ली बहुतेक कपाटांना आतून बसणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी लावतात. तिची गोल वाटी दारात कोरलेल्या ३५ मिलिमीटर व्यासाच्या खळगीत बसते. खळगी सुमारे १२ मिलिमीटर खोल लागते. म्हणून दार १८ मिलिमीटरच्या आसपास जाड असेल तरच ही बिजागरी घ्यावी. तिचे तीन प्रकार आहेत. दार कपाटाची कड पूर्ण झाकीत असेल तर एक; मधल्या एकाच फळीवर दोन्ही बाजूंची दारे येऊन प्रत्येकाने अर्धी कड झाकली असेल तर दुसरा; आणि दार चौकटीच्या आत बसत असेल तर तिसरा. दुकानात त्यांना शून्य, आठ आणि पंधरा-सोळा अशा आकड्यांनी ओळखतात. आकडा चुकला की दार बसतच नाही. कितीही महाग बिजागरी असली तरी उपयोग नाही.

बिजागऱ्या किती आणि कोठे लावाव्या, हा प्रश्न केवळ तरफेच्या नियमाचा आहे. साठ सेंटिमीटर उंच व चाळीस सेंटिमीटर रुंद असे तीन किलो वजनाचे दार घ्या. त्याचे वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून २० सेंटिमीटर अंतरावर, खाली ओढते. त्यामुळे वरची बिजागरी बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते. दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर वरच्या स्क्रूंवर ३ × २० ÷ ४० म्हणजे दीड किलोची ओढ पडते. अंतर २० सेंटिमीटर ठेवले, तर तीच ओढ तीन किलो होते. बिजागऱ्या तेवढ्याच, दार तेच. केवळ जागा बदलल्याने भार दुप्पट झाला! म्हणून बिजागऱ्या दाराच्या वरच्या व खालच्या टोकांजवळ लावून घ्याव्या. या सुधारणेला एक पैसाही पडत नाही. आणि घरातील वीस किलोचे चिरंजीव दाराच्या कडेला लोंबकळून झोका घेतात, तेव्हा त्याच हिशेबाने वरच्या स्क्रूंवर आणखी वीस किलोंची ओढ पडते, हे त्यांना गणित करून दाखवावे. रागावण्यापेक्षा गणिताचा परिणाम अधिक होतो, असा अनुभव आहे. तीन फुटांपर्यंतच्या दारास दोन बिजागऱ्या पुरतात. त्याहून उंच दारास तीन लावाव्या.

बिजागरीचे आयुष्य उघडमिटीत मोजावे. चांगल्या कारखान्यांत नमुन्याची बिजागरी हजारो वेळा, काही ठिकाणी ८०,००० वेळा, यंत्राने उघडून-मिटून पारखतात. मसाल्याचे कपाट दिवसातून वीस वेळा उघडले, तर वर्षाला ७,३०० वेळा होते. म्हणजे अशी बिजागरी सुमारे अकरा वर्षे चालावी. पण पाहुण्यांच्या कपबशा ठेवलेले कपाट आठवड्यातून दोनदा उघडते. त्याला तीच महाग बिजागरी लावणे म्हणजे घरात ठेवलेल्या नांगराला सोन्याचा फाळ बसविण्यासारखे आहे.

खणांच्या चॅनलविषयी अधिक काटेकोर असावे. कारण दार तुटले तर लोंबकळते, खण तुटला तर पडतो. आज प्रचारात असलेल्या चॅनलमध्ये एकात एक सरकणाऱ्या पट्ट्या असून मध्ये पोलादी गोळ्या असतात. घसरण्यापेक्षा घरंगळण्यात घर्षण कमी होते, या तत्त्वावर ते चालते. चॅनलला खणाच्या दोन्ही बाजूंस सुमारे अर्धा-अर्धा इंच मोकळी जागा लागते. सुताराने खण आधी करून चॅनल मागाहून आणला, तर ही जागा कमी-अधिक होते आणि खण अडकू लागतो. म्हणून चॅनल आधी घ्यावा आणि खण त्याच्या मापाने करवावा. चॅनलवर किती किलोंचा भार पेलेल हे लिहिलेले असते. घरी ताटे, वाट्या व पातेली परातीत घालून एकदा वजन करून पाहावे. आपल्या खणात किती भार जातो, हे पाहून बहुतेकांस आश्चर्य वाटेल. दुकानात चॅनल पूर्ण बाहेर ओढून टोक हलके वरखाली करावे. फार खुळखुळत असेल तर घेऊ नये. दोन चॅनलांतून निवडताना अधिक जाड पत्र्याचा निवडावा, चकाकी पाहू नये.

हल्ली 'सॉफ्ट क्लोज' म्हणून आपोआप हळू मिटणारी बिजागरी व चॅनल मिळतात. त्यांत एक लहान दट्ट्या असतो. तो दाट द्रवातून सावकाश सरकतो व आपट शोषून घेतो. ही सोय चांगली आहे, परंतु तिचे दाम अधिक. काचेच्या बरण्यांचा खण असेल तेथे ती लावावी. इतरत्र दाराच्या कोपऱ्यात रबराच्या चिकट टिकल्या लावल्या, तर आवाजाचे काम अगदी थोडक्यात भागते.

मुठींवर लोक सर्वांत अधिक पैसा घालतात. कारण त्या दिसतात. वास्तविक मूठ ही हलणारी वस्तूच नव्हे. ती गुळगुळीत असावी, साडीचा पदर किंवा ओढणी अडकेल असे टोक तिला नसावे, खरकट्या हाताने धरल्यावर पुसता यावी आणि चार बोटे आत शिरावी, एवढे पुरे. वाकलेल्या सांध्यांच्या वृद्धांना गोल बटणापेक्षा लांब मूठ सोपी जाते, हेही ध्यानात असावे. नक्षीत पीठ आणि तेल साचते; साधी मूठ स्वस्त असते आणि स्वच्छही राहते. एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. मुठीच्या दोन भोकांमधील अंतर ६४, ९६, १२८ वा १६० मिलिमीटर असते. हे सर्व ३२ चे पट होत. सर्व दारांना एकच प्रचलित अंतर, उदाहरणार्थ ९६, ठेवावे. पुढे कधी बरी परिस्थिती आली आणि सुंदर मुठी लावाव्याशा वाटल्या, तर त्याच भोकांत नव्या बसतील. दार विद्रूप होणार नाही. आज स्वस्त मूठ लावणे ही काटकसर आहे. उद्याची वाट मोकळी ठेवणे ही दूरदृष्टी.

स्क्रू ही सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. काळे स्क्रू स्वस्त आणि टोकदार असतात, म्हणून मिस्त्रींना प्रिय असतात. परंतु ते ठिसूळ असून ओलीत लवकर गंजतात. स्टेनलेसचे स्क्रू स्वतः नेऊन द्यावे. स्क्रू हातोडीने अर्धा ठोकून मग पिळण्याची खोड अनेकांस असते. त्याने लाकडातील धागे फाटतात आणि पकड जाते. आधी बारीक भोक पाडून मग पेचकसाने पिळावे, असे नम्रपणे पण निक्षून सांगावे. भुश्याच्या दाबलेल्या फळीत तर हे फारच जरूर आहे.

त्या फळीचा विषय निघाला म्हणून एका गोष्टीचे स्मरण होते. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये, उकाईच्या धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा, खानदेशातून वाहत येणारी आपली तापीच सुरतेच्या घराघरांत शिरली आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. भुश्याची फळी पाण्यात राहिली की फुगते, आणि पाणी ओसरल्यावरही तिच्यात स्क्रू धरत नाही. असा पूर रोज येत नाही हे खरे. परंतु मोरीखालचा नळ ठिबकणे हाही एक लहानसा पूरच होय. म्हणून ओट्याखालची कपाटे चार-चार इंचांच्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभी करावी आणि तेथील बिजागऱ्या न गंजणाऱ्याच घ्याव्या.

आता हिशेब मांडू. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. म्हणून पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, रीत तेवढी घ्यावी. समजा स्वयंपाकघरात सहा दारे, तीन खण आणि नऊ मुठी आहेत. म्हणजे १२ बिजागऱ्या व चॅनलच्या ३ जोड्या लागतील. साधी बिजागरी ३० रुपयांस व ३०४ ची ११० रुपयांस. साधा चॅनल जोडी २०० व भक्कम ४५०. साधी मूठ ६० व नक्षीची २५० धरू.

सर्व वस्तू साध्या घेतल्या, तर ३६० + ६०० + ५४० म्हणजे १,५०० रुपये होतात. सर्व उंची घेतल्या, तर १,३२० + १,३५० + २,२५० म्हणजे ४,९२० रुपये. यातील जवळजवळ निम्मे पैसे एकट्या मुठींत गेले, हे पाहावे! आता तिसरी रीत. मोरीखालच्या दोन दारांच्या ४ बिजागऱ्या ३०४ च्या, ४४० रुपये. बाकीच्या ८ साध्या, २४० रुपये. ताटांचा व पातेल्यांचा खण भक्कम चॅनलवर, ९०० रुपये; चमचे-झाऱ्यांचा साध्यावर, २०० रुपये. मुठी सर्व साध्या, ५४० रुपये. शिवाय स्टेनलेस स्क्रूंचे १०० रुपये. एकूण २,४२० रुपये झाले. म्हणजे उंची मालाच्या निम्म्याहून कमी खर्च, आणि जेथे ओल, भार व वर्दळ आहे, तेथे सामान उत्तमच.

यातून जो नियम निघतो तो असा : जे हलते त्यावर खर्च करावा, जे दिसते त्यावर राखावा, जे ओले होते ते न गंजणारे घ्यावे, जे जड आहे ते भक्कम घ्यावे. एवढे तोंडपाठ असले, तर दुकानातील चकाकी कोणाचेही डोळे दिपवू शकणार नाही.

जुन्या वस्तूंचाही विचार करावा. गावाकडील पडक्या वाड्यात किंवा जुन्या घरांचे लाकूड विकणाऱ्यांकडे पितळेच्या जाड कड्या व बिजागऱ्या कधी कधी वजनाच्या भावाने मिळतात. चिंच लावून घासल्या की त्या पुन्हा उजळतात. आजीच्या फडताळाची मूठ नातीच्या ओट्याला लागली, तर तिच्यात किंमतीखेरीज आणखीही काही असते.

अखेर निगेविषयी. फरशी धुण्याचे ॲसिड मोरीखालच्या कपाटात कधीही ठेवू नये. बाटलीचे बूच लावलेले असले तरी त्याची वाफ निसटते, आणि ती वाफ स्टेनलेस पोलादालाही सोडीत नाही. नव्या बिजागऱ्या वर्षभरात काळ्या पडल्या, तर प्रथम तेथे ही बाटली आहे काय, ते पाहावे. खण कुरकुरू लागला की त्यात स्वयंपाकाचे तेल घालू नये. ते हवेने घट्ट व चिकट होते आणि त्यात पीठ धरते. शिलाई यंत्राचे तेल दोन थेंब घालावे. सुरतेत ते मिळावयास दूर जावे लागत नाही. दार तिरके झाले, तर लगेच मिस्त्रीला बोलावू नये. आतून बसणाऱ्या बिजागरीला दार डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली सरकविण्याची सोय स्क्रूंनी केलेली असते. पेचकस घेऊन अर्धा-अर्धा फेर द्यावा आणि पाहत जावे. आठवीतील मुलगी किंवा मुलगा हे काम सहज करू शकतो.

आम्ही आमच्या घरी याच रीतीने सामान बदलले. एकदम सर्व बदलणे ऐपतीत नव्हते. म्हणून पहिल्या महिन्यात ताटांचा खण, दुसऱ्या महिन्यात मोरीखालचे दार, असे केले. मुठी जुन्याच आहेत आणि तशाच राहतील. खण आता बोटाने ओढला तरी येतो. मातोश्री अजूनही तो उघडताना एक पाय मागे घेतात. सवय बिजागरीइतकी लवकर बदलत नाही. परंतु परवा ताटे काढताना त्यांनी पाय मागे घेतला नाही, आणि आपण तो घेतला नाही हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. स्वयंपाकघरातील सामान चांगले आहे की नाही, याची याहून चांगली पारख आम्हांस ठाऊक नाही.